टापिट मिस्त्रीचे कान

इंजिनचा आवाज आला की टापिट मिस्त्री डोळे मिटायचा. कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यावर चहा पीत बसला असला, तरी येणाऱ्या ट्रककडे न पाहता म्हणायचा, "याचं टापिट ढिलं हाय." मी एकदा पैजेवर ट्रक थांबवून पाहिला. खरं निघालं. मी चौथी नापास असलो तरी सहजासहजी कोणाला मानत नाही. त्याला मानलं.

इंजिन खोललं की टापिटच्या, म्हणजे झडपा उघडणाऱ्या, बारा लांब सळया तो सरकीच्या पोत्यात ओळीनं खोचून ठेवायचा. म्हणायचा, "जिथची सळई तिथंच गेली पाह्यजे. घासून घासून जोडी जमते त्यायची."

गेल्या साली माझ्या जुन्या ट्रकचं इंजिन त्यानं बांधायला घेतलं. एका दुपारी जेवायला जाताना म्हणाला, "भाऊ, पोत्यापाशी बसजा जरा." मी बसलो आणि माझा डोळा लागला. जागा झालो तर गाय सरकी खात होती, पोतं आडवं, सळया मातीत. मी त्या पुसल्या आणि अंदाजानं परत खोचल्या. सांगितलं नाही. राखण करताना झोपलो, हे मी कोणाला सांगू?

इंजिन सुरू झालं आणि आतून टिक टिक. मिस्त्रीनं पुन्हा टापिटचा गॅप लावला, झाकण काढून एकेक पुर्जा पाहिला. तीन दिवस.

"आवाज तं येऊन राह्यला, पण कुठून? काऊन समजत नाई, भाऊ?"

"बुढे झाले तुमी, मिस्त्री," मी म्हटलं. गमतीनंच म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी त्यानं पाने पुसून पेटीत ठेवले. "माहे कान गेले. आता काम बंद."

हे मात्र मला सोसलं नाही. त्याच्या घरी जाऊन मी त्याला गाय, झोप, सळया, सगळं सांगितलं. तो हसला.

"तुमी कधी चुकी कबूल केली हाय का? माह्यं मन राखाले आले."

मी चिडलो, बापाची शपथ घेतली. तो बायकोला म्हणाला, "यायले च्या दे वं, लय कळवळून राह्यले."

पोळ्याच्या आधी मिस्त्री वारला. एक कारागीर म्हणतो, सळयांच्या अदलाबदलीनं एवढा आवाज होत नाही. दुसरा म्हणतो, होतो. मला काही उमगत नाही. सळयांचंच निघालं तर दोष माझा; दुसरं काही निघालं तर त्याचे कान खरंच गेले होते. माझा पोरगा म्हणतो, एकदा खोलून पाहू. मी इंजिनला कोणाला हात लावू देत नाही.