हिरव्या रेघेचे आबा

रेघ ओढताना आबा श्वास रोखून धरत. टाक कागदावरून उचलला की मोठा सुस्कारा सोडून म्हणत, "झाली एकदाची." बेडशाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा सुरेख हाताच्या जोरावर पुण्याला नकाशांच्या कचेरीत लागला होता. माझं टेबल त्यांच्या शेजारी. बिऱ्हाडं दोघांचीही लोणावळ्याला, त्यामुळे गाडीतही शेजार सुटत नसे.

कचेरीत शुद्ध बोलायची त्यांची धडपड असे, पण राग आला की मावळ बाहेर पडे. एका साहेबांनी ओढ्याचं वळण जरा सरळ करायला सांगितलं, तेव्हा आबा भर कचेरीत म्हणाले होते, "पानी काय आपल्याला इचारून वळतंय व्हय?"

असल्या माणसाच्या हातून ती रेघ ओढली गेली होती. मी नोकरीला लागण्याआधीची ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. दूर पश्चिमेला समुद्राला मिळणारी एक खाडी होती आणि तिच्या दोन तीरांवर दोन वेगळे कारभार होते. ठरावात हद्द पाण्याच्या मधोमध लिहिलेली. पण नकाशात खाडी दोऱ्याएवढी. मधोमध रेघ ओढली तर पाणीच दिसेना. तेव्हाचे साहेब म्हणाले, "पूर्वेच्या काठावर ओढा. दिसली म्हणजे झालं." आबांनी हिरव्या शाईनं ओढली. पुढे त्याच नकाशाच्या नकला निघत गेल्या.

दहा-बारा वर्षांनी कचेरीत एक अर्ज आला. पूर्वतीरावरच्या कोळ्यांच्या होड्या पलीकडच्या अंमलदारांनी धरल्या होत्या. पुरावा म्हणून हाच नकाशा पुढे केला होता. त्यांचं म्हणणं, रेघ पूर्व काठावर, म्हणजे सगळी खाडी आमची. आणि रेघ जिथं समुद्राला टेकते तिथून पुढचा दर्याही आमचा. आबांनी तो अर्ज दोनदा वाचला. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

रजा काढून ते खाडी पाहून आले. गाडीत मला म्हणाले, "एक म्हातारी कोळीण म्हनली, बाबा, ती रेघ कुटं हाय ते दाखव, आमी अलीकडंच जाळं टाकू. काय दाखवनार? तितं नुसतं पानी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेखी जबाब दिला : ही रेघ मी ओढली, ती काठावर आहे ती केवळ दिसावी म्हणून, हद्द तिथं नाही. नव्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "तुमचं नाव बढतीसाठी वर गेलंय. हा कागद परत घ्या." आबा म्हणाले, "कागद खरा हाय, साहेब. ऱ्हाऊ द्या." बढती दुसऱ्याला मिळाली. जबाब कुठल्याशा फायलीत गेला आणि नकाशा पुन्हा तसाच छापला गेला. त्यांच्या घरून मला निरोप आला, "भावजी, जरा समजवा त्यांना." मी समजावलं नाही, पण त्यांच्या बाजूनं उभाही राहिलो नाही. मलाही बढती हवी होती.

फाळणी झाली आणि त्या खाडीचे दोन तीर दोन देशांत गेले. आबा तेव्हा बेडशाला अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो, तर पहिलाच प्रश्न, "माजा कागद कुनी वाचला का रं?"

मी उशाजवळचा पाण्याचा तांब्या उगाच सरकवून ठेवला. त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं आणि चहा पिऊन जायला सांगितलं. पंधरवड्यात ते गेले.

पुढे काही महिन्यांनी तो नकाशा नव्यानं काढण्यासाठी माझ्याच टेबलावर आला. मी खाडी काढली, रेघ काढली आणि समासात लिहिलं : रेघ काठावर दाखवली आहे ती फक्त दिसण्यासाठी, ठरावाप्रमाणे हद्द पाण्याच्या मधोमध. खाली माझं पूर्ण नाव घातलं.

साहेबांनी विचारलं, "ही टीप घालायला कोणी सांगितलं?"

"ज्यांनी रेघ ओढली, त्यांनी."

साहेबांनी टीप पुन्हा एकदा वाचली आणि ती तशीच ठेवून ते पुढच्या टेबलाकडे गेले.