छापा, काटा आणि फरशीची फट

आमच्या विभागात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठलेत, आणि त्याला आम्ही तिघं जबाबदार नाही. जबाबदार आहे तो विषय! 'शक्यता' हा शब्द तुम्ही नुसता उच्चारा, समोरचा माणूस असं काहीतरी बोलून जातो की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मग त्यावरून दुसऱ्याला एक आठवतं, तिसऱ्याला आणखी एक, आणि तासाची घंटा होऊन जाते.

आम्ही तिघं म्हणजे विभागप्रमुख शेख सर, त्यांच्या हाताखाली सानप सर आणि मी. बीडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. शेख सर अस्सल बीडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या फळांचा धंदा, हे एकटेच गणितात घुसले. सानप सर वयानं लहान, तापट, पण मनानं लोणी.

पहिला त्रास विषयाच्या नावाचा. आमचे घरमालक काका एकदा मला जिन्यातच अडवून म्हणाले, "मॅडम, तुमी संख्येचं शास्त्र शिकवता ना? पोरानं गाडी घेतली. नंबरची बेरीज आठ येतीय. चालंल का?"

मी तिथंच उभी राहून त्यांना समजावलं, की हे ते शास्त्र नाही, आकड्यांनी भविष्य कळत नाही, आम्ही माहिती गोळा करतो, अंदाज बांधतो, वगैरे. काकांनी सगळं मन लावून ऐकलं.

"कळलं," ते म्हणाले. "म्हंजे आठ नको."

तेवढ्यात सानप सर काही कागद द्यायला आले. ते जिन्याखालूनच ओरडले, "आठ चालतो काका! फक्त हेल्मेटसंगं चालतो!"

तेव्हापासून आमच्या गल्लीत हेल्मेट घालणारा एकुलता एक पोरगा म्हणजे काकांचा!

*

पहिल्या वर्षाला नाणेफेकीचं प्रात्यक्षिक असतं. पोरांनी नाणं उडवत राहायचं आणि छापा-काटा लिहीत जायचं. गेवराईकडचा भारत नावाचा एक दांडगा पोरगा होता. त्यानं नाणं असं काही उडवलं की ते पंख्याला लागलं, खाली पडलं, घरंगळलं आणि शहाबादी फरशीच्या फटीत ताठ उभं राहिलं!

सगळा वर्ग गोळा झाला. भारत म्हणाला, "मॅडम, छापा बी न्हाई, काटा बी न्हाई. काय लिव्हू?"

मी म्हटलं, "धरू नकोस ते. पुन्हा उडव."

शेख सर दारातून जात होते. आत आले, गुडघ्यावर बसून त्यांनी नाणं नीट बघितलं. "कावून धरायचं नाही?" ते म्हणाले. "झालं ते झालं. जे घडलं ते लिहायचं, हाच आपला धर्म. लिही बेटा, छापा, काटा, फट!"

वर्षाअखेरीस बाहेरून परीक्षक आले. त्यांनी भारतला सोप्यातला सोपा प्रश्न विचारला. "एक नाणं उडवलं तर काय काय येऊ शकतं?"

"एच, टी," भारत म्हणाला. मग जरा थांबून, "आन आमच्या कॉलेजात एफ."

"एफ म्हणजे?"

"फट, सर."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेख सरांकडे पाहिलं. शेख सर खिडकीतून बाहेर बघत होते!

*

सर्वेक्षणाचे किस्से तर विचारूच नका. पालीचा एक विद्यार्थी, अगदी सज्जन. त्याला विषय दिला होता, गावात आठवडी बाजार भरावा का. बजावून सांगितलं होतं, की ओळखीचेच लोक पकडायचे नाहीत, सगळ्या गल्ल्यांतून यादृच्छिक नमुना घ्यायचा.

त्यानं काम वेळेवर आणलं. अक्षर मोत्यासारखं. पण निकाल बघून मी चक्रावले. अर्धं गाव शंभर टक्के 'हो' आणि अर्धं गाव शंभर टक्के 'नाही'!

"असं कसं झालं रे?"

"मॅडम, आमच्या आळीला इचारलं, सगळे 'हो' म्हणले. खालच्या आळीत गेलतो, पण त्यांची न् आमची बोलचाल न्हाई. आमी 'हो' म्हणलं की ते 'न्हाई'च म्हणतात. मंग तेवढं मीच लिहून टाकलं."

मी कपाळाला हात लावला. त्याला नमुना नव्यानं घ्यायला पाठवलं. खालच्या आळीत जावंच लागलं बिचाऱ्याला. तिथं त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि झाडून सगळे 'हो' म्हणाले! बाजार सगळ्यांनाच हवा होता, फक्त इतकी वर्षं कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पोरगा परत आला तो तोंड पाडून. "मॅडम, लई गडबड झाली. आता घरी काय सांगू?"

*

सानप सरांनी एकदा चाचणी परीक्षेत दोन पोरं पकडली. दोघांची उत्तरं एकसारखी, इतकंच नाही तर चुकाही एकसारख्या. एका गणितात तर दोघांनीही सात आणि सहा तेवीस केले होते!

सरांनी दोघांना विभागात उभं केलं आणि फळ्यावर गणित मांडलं. "ही चूक एकानं करायची शक्यता एवढी. दुसऱ्यानं करायची एवढी. तुम्ही जर एकमेकांपासून स्वतंत्र असाल, तर दोन्हीचा गुणाकार करायचा. बघा किती बारीक आकडा आला! आता सांगा, हे आपोआप घडलं?"

त्यातला एकजण नम्रपणे म्हणाला, "सर, गुणाकार चुकलाय."

"कुठं चुकलाय?"

"आमी स्वतंत्र न्हाईच सर. आमी रूम पार्टनर हाव."

सानप सरांचा खडू हातातच राहिला. नापास केलं त्यांनी, ते सोडा. पण 'स्वतंत्र घटना' हा धडा त्या वर्षी पुन्हा शिकवावा लागला नाही!

*

गुणवत्ता नियंत्रण शिकवायला शेख सरांनी एकदा भावाच्या गाड्यावरून सीताफळांची करंडी आणली. बालाघाटाची सीताफळं, वासानं वर्ग वेडा झालेला. सरांनी नियम सांगितला. चार फळं उचला, फोडून बघा. दोन खराब निघाली तर करंडी परत. आणि ते मीटिंगला गेले.

परत आले तर करंडीत नुसता पाला!

"फळं कुठंयत?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, चारात पक्का निर्णय होईना. नमुना वाढवत वाढवत गेलो."

"मग? निर्णय काय झाला?"

"करंडी एकदम चांगली व्हती सर!"

*

आता सविताचं सांगते.

सविता शिरूर कासारकडच्या एका गावातली. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, ही इथं वसतिगृहात राहून शिकणारी. दिवाळीच्या सुमारास गावात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. त्यात हिच्या आईच्या हातात चिठ्ठी पडली, की छातीत संशयास्पद गाठ वाटतेय, पुढची तपासणी करा.

चिठ्ठी आली आणि घर बसलं. आईनं जेवण सोडलं. कुणाला न सांगता बायकांनी शेवटची आवराआवर करावी तशी तिनं सुरू केली. नवी दोन लुगडी सुनेला दिली. गाभण शेळी होती, जीव की प्राण, नणंदेला बोलावून तिची दोरी हातात दिली.

सविता रडत विभागात आली. आम्ही तिघांनी तिला बसवलं, पाणी दिलं. शेख सरांनी शिबिरातल्या तपासणीबद्दल ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. मग तिला म्हणाले, "बेटा, तपासणीतल्या खोट्या इशाऱ्यांचं गणित गेल्या आठवड्यात तूच फळ्यावर सोडवलं होतंस ना? तेच आईला सांग. आणि मोठ्या दवाखान्यात उद्याच घेऊन जा. गणित करून घरी बसायचं नाही."

दवाखान्याच्या बाकावर सवितानं आईला ते सांगितलं. "आये, पहिली तपासणी म्हंजे चाळण. खरं दुखणं एक बी सुटू नये म्हणून जरा जास्तच धरती. समज, पंचक्रोशीतल्या हजार बाया तपासल्या. खरंच आजारी चार-पाच. पण चांगल्यातल्या बी चाळीस-पन्नास तिच्यात आडकत्यात. चिठ्ठी त्या सगळ्यांला. आता त्या रांगेत तू हुबी हायस. तुझ्या आजूबाजूला बघ, लई करून चांगल्याच हाएत."

आईनं खरंच बाकावर आजूबाजूला बघितलं. मग विचारलं, "आन मी त्या चार-पाचातली असले तर?"

हे आम्ही शिकवलेलं नव्हतं. सविता म्हणाली, "तर मी हाय की."

आईनं पदरात बांधलेली भाकरी सोडून पुढ्यात घेतली. किती दिवसांनी पहिल्यांदा जेवली ती, त्या बाकावर बसून.

तपासणी झाली. साधी गाठ निघाली, घाबरण्यासारखं काही नाही. ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी दोघी मायलेकी गूळ-शेंगदाणे घेऊन विभागात आल्या. आईनं आम्हाला हात जोडले, आम्ही तिला खुर्चीवर बसवलं. सगळे खूश. सानप सर तर डोळे पुसत होते आणि खडूची भुकटी गेली म्हणत होते!

आई मात्र बसल्या बसल्या चुळबुळत होती. शेवटी शेख सरांकडं वळून म्हणाली, "सर, माजी पोरगी म्हणती तुमी कशाची बी शक्यता काढता."

"काढतो की. विचारा."

"ती शेळी नणंदेला दिलती. आता ती व्यायलीय, दोन करडं झाल्यात. परत मागितली तर मिळायची कितपत शक्यता हाय?"

शेख सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"नणंद चुलत का सख्खी?"

"सख्खी."

"मग शून्य!"