काय दिलंस गो?

मंडळी, आज दुपारी वरसे गावात बहिणीकडे भाचीनं तोंडावर विचारलं, "मावशी, फार्माकॉलॉजी शिकून ना डॉक्टर, ना मेडिकलचं दुकान. मग उपयोग काय?" डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात मी तेच, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते, शिकत होते. सुट्टीत जोह्याला, आमच्या गावी, आले, तर शेजारच्या पोरीची मान एकाएकी वाकडी झाली, डोळे वर गेले. बाहेरची बाधा म्हणत सगळे तिला भगताकडे न्यायला निघाले.

मी तिच्या आईला अडवलं. "वहिनी, हिला काय दिलंस गो?"

"उलटीची गोळी. थांबं नाय म्हणून आणखी दोन."

उलटीच्या काही गोळ्या जास्त झाल्या की मान अशी वाकडी होते, हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. चुकले तर?

"भगत नको, पेणच्या दवाखान्यात चल. गोळ्यांचं पाकीट घे."

डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि एका इंजेक्शननं मान सरळ झाली.

आता औषध कंपनीत, कुणाला औषधाचा त्रास झाल्याचं कळलं की, मी दिवसभर हेच विचारते: काय दिलं, आणि नंतर काय झालं? तुमच्या घरी हे कोण विचारतं?