झाकणाखालचे थेंब

आमच्या मियाझूच्या किनाऱ्यावर तोकुबाई मासेमारीची जाळी दुरुस्त करायची. ओसाकातलं घर बॉम्बनं जळालं म्हणून इकडे आलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अशी की कोळीसुद्धा वचकून असत. मुलगा सेइकिची फौजेत, मांचुरियात. त्याचं ताट ती रोज वाढायची. दूरदेशी गेलेला उपाशी राहू नये म्हणून आमच्यात वाढतात तसं. जेवणं झाली की ती साराच्या वाडग्याचं झाकण उचलून आतून बोट फिरवायची. आत थेंब लागले की दूरचा माणूस सुखरूप, अशी समजूत.

लढाई संपली. बऱ्याच दिवसांनी सैबेरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटलेला एक जण तिच्या दारात येऊन उभा राहिला. तिनं "सेइकिची!" म्हणत त्याला कवटाळलं, आणि तो "हो" म्हणाला. आमच्यापैकी कुणी सेइकिचीला पाहिलंच नव्हतं, तेव्हा शंका कोण घेणार? पोरगा गुणाचा निघाला. पाणी भरी, छप्पर शाकारी, म्हातारीची बोलणी मुकाट ऐके.

तोकुबाई मात्र ते ताट वाढतच राहिली. मी एकदा थट्टा केली, "अगं, लेक समोर बसून जेवतोय, आता हे कुणाला?" सवय झालीय म्हणाली. पोराचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तेव्हापासून सार तो स्वतः उकळायचा आणि वाफाळतं ओतून लगेच झाकण ठेवायचा. मला वाटलं, काय आईचं कौतुक! मोतीबिंदू मलाच झाला होता म्हणायचा.

मग एका संध्याकाळी मी टोफू द्यायला गेले, तर तोकुबाई त्याला म्हणाली, "आज सार निवू दे. त्याला आणखी किती दिवस जगवशील?"

त्यानं पळी खाली ठेवली.

"हाताला धरलं तेव्हाच कळलं होतं मला. पण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

मग तो खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सेइकिची छावणीतल्या पहिल्याच थंडीत तापानं गेला, यानंच त्याला पुरलं. निरोप द्यायला आला होता, पण मिठी पडली आणि तोंड उघडेना. ह्याचं नाव यासुझो. हाही मेला असं घरी कळवलेलं, म्हणून बायकोचं धाकट्या भावाशी लग्न लावून दिलेलं. हा आपल्या घराच्या कुंपणाबाहेरूनच परतला होता.

तोकुबाई म्हणाली, "बायको भावाची झाली. आई कुणाची झाली रे?"

सकाळी तिनं भाताचे गोळे बांधून दिले आणि त्याला त्याच्या आईकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. मला तिचा भयंकर राग आला. म्हटलं, "बये, आधाराची काठी होती ती हाताशी. ती कशाला घालवलीस?"

"आता तू पण घरी जा," ती म्हणाली. "मला माझ्या पोरासाठी रडायचंय. हा समोर असताना रडता येत नव्हतं."