जनूकाकाने नाकारलेला आवाज

कोणी गेल्याचं रिक्षातल्या भोंग्यावरून सांगायच्या आधी जनूकाका स्वतः जाऊन मयत बघून यायचा. घरच्यांनी कितीही घाई केली तरी. दारात चपला काढायच्या, आत जाऊन चेहरा बघायचा, बाहेर येऊन माईकवर फुंकर मारायची, आणि मगच "ऐका हो मंडळी". पाणी बंद राहणार असेल तर आधी टाकीपाशी चक्कर, बकरी हरवली असेल तर तिचं तुटलेलं दावं बघणार. "बघितल्याबिगर बोलत नाय आपण," हे त्याचं ठरलेलं. केळव्यापासून तारापूरपर्यंत त्याच्या भोंग्यावर लोक विश्वास ठेवायचे, ते यामुळे.

मी आमच्या समितीची पत्रकं वाटत हिंडायचे. कारखान्यांचं सांडपाणी खाडीत येतं, ते बंद करा, ही मागणी. पहिल्या मोर्चाची दवंडी द्यायला मी त्याच्याकडे गेले, तर हा म्हणतो, "तू बघितलंस?"

"अहवाल वाचलाय मी."

"अहवालाला वास येतो काय गो? बस रिक्षात."

मला संताप आला होता. मोर्चा उद्यावर, आणि हा माणूस मला खाडी दाखवायला निघालेला. पण तिथून परतताना त्याने जी दवंडी दिली, तिला माणसं घरातून उठून आली. त्यानंतर प्रत्येक मोर्चाला आवाज त्याचाच. त्या सगळ्या दवंड्या मी रेकॉर्ड करून लॅपटॉपवर जपून ठेवल्या होत्या.

मग त्याच्या गळ्याला कॅन्सर झाला. मुंबईत ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. मी त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. आपण लिहायचं, फोन वाचून दाखवणार. त्यात आधीपासून एका बाईचा आवाज होता, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारी बाई. जनूकाकाने पहिलंच वाक्य लिहिलं, आणि बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "कालवणात मीठ कमी हाय."

हिराकाकी चुलीपाशी होती. "ही सवत कंची आणली घरात? तिला सांगा, मिठाची बरणी हितं हाय, उठ नि घाल!"

काका पोट धरून हसला. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते.

मला मात्र ती बाई सहन होईना. आपल्या किनाऱ्याच्या माणसाच्या तोंडी कुठल्याशा कंपनीने ठरवलेला आवाज का? मी आवाजाची नक्कल करणारं दुसरं ॲप शोधलं, त्यात काकाच्या जुन्या दवंड्या घातल्या, आणि एका दुपारी त्याच्या ओटीवर बसून फोन वाजवला. "ऐका हो मंडळी, मी जनू बोलतोय." हुबेहूब. मासळी साफ करणाऱ्या काकीचा हात तिथंच थांबला.

काकाने शेवटपर्यंत ऐकलं. मग आपल्या फोनवर लिहिलं. बाई म्हणाली, "हा आवाज बघून आला काय?"

"अहो, लिहिणार तुम्हीच ना? शब्द तुमचेच."

"आज मी लिवतो. मी गेल्यावर तू लिवशील. मागून आनखी कोन?"

"म्हणजे या परक्या बाईचा आवाज चालतो तुम्हाला?"

"ती मी नाय, हे समद्यांना ठाव हाय. ती कोनाला फसवत नाय."

मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. माणसाचा आवाज आजाराने हिसकावला, तर तो परत घेणं हा त्याचा हक्क आहे, असं मी अजूनही पत्रकात लिहीन. पण गळा त्याचा होता. तो आवाज वापरायचा नाही, एवढं ठरलं. पुसून टाक असं तोही म्हणाला नाही आणि मीही पुसला नाही.

पुढे तो रिक्षात बसून माईकपुढे फोन धरायचा. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग सवय झाली. "जनूची बाई आली," म्हणत लोक दारात यायचे.

तो या हिवाळ्यात गेला. अजून बँकेत, दवाखान्यात कुठे यंत्रातून तसा बाईचा आवाज आला की मी मान वळवते. पंचाईत अशी, की जनूकाका मला बाईच्या आवाजात आठवतो. त्याचा खरा आवाज आठवायचा तर डोळे मिटून जोर लावावा लागतो.

बोईसरच्या बैठकीत पुढच्या मोर्चाचा विषय निघाला. कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "दीदी, चाचा की आवाज है ना तुम्हारे पास? एक बार बजा दो, पूरा बोईसर आएगा." दुसरा म्हणाला, मनोरहूनही लोक येतील. मी नाही म्हणाले. आरडाओरडा झाला. आंदोलन मोठं की मेलेल्या माणसाची आवड मोठी, असं मला तोंडावर विचारलं. मी काकाशी भांडले होते, म्हणूनच त्याचं म्हणणं मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. मी रिक्षात बसून स्वतः ओरडत फिरले. लोक कमी आले. समितीने खापर माझ्यावर फोडलं.

दुसऱ्या दुपारी काकीकडे गेले. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं.

"बरं केलंस पोरी. भोंग्यावर नको." थोडा वेळ ती बोंबील उलटत राहिली. "मला ऐकव."

"काकी, काकाला नको होता."

"त्यांना नको होता. मला इचारलं काय कोनी?"

माझ्या तर प्रत्येक पत्रकात संमती हा शब्द ठळक छापलेला असतो. आणि काकीला खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी फोन काढला.

"काय बोलायला लावू?"

समोर गल्लीतून कोणी जात होतं, ते लांब जाईपर्यंत ती थांबली. मग हळू म्हणाली, "जेवलीस काय. येवडंच."

मी लिहिलं. फोनमधून तो म्हणाला, "जेवलीस काय?"

"नाय अजून," काकी म्हणाली आणि पदराला हात पुसत उठून आत गेली. भांड्यावरचं झाकण वाजलं. ताट मांडल्याचा आवाज आला. मग आतूनच, नेहमीच्या चढ्या सुरात, "नि तुमी?"

प्रश्न मला नव्हता. फोनवर पुढचं वाक्य लिहायचा चौकोन रिकामा उघडा होता, आणि काकी आत उत्तराची वाट बघत थांबली होती.