हरणाबाईचं मऊ हाड

दिवाळी सरली की माणच्या माळावरची मेंढरं कोकणाकडं उतरतात. हरणाबाई त्या वाटेनं चाळीस वर्षं चालली. लेक बिरदेव झाला तो कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर, आणि तिसऱ्या दिवशी ही बाई त्याला पाटीत घालून परत कळपामागं. आता दोन सालं ती घरीच. गुडघं गेलं.

साताऱ्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "आजी, कूर्चा झिजली." हरणाबाईला ते काय कळंना. गावात आल्यावर तिनं हुसेन मुलाण्याला विचारलं. धनगरांचं मेंढरू हलाल करायचं काम त्याच्याच घराकडं, बापापासनं.

"आवं आत्ती, मऊ हाड ते. चावताना कुरकुर वाजतंय बघा."

झालं. म्हातारीनं मनाशी धरलं, गेलेलं हाड हाडानंच भरायचं. कोकराच्या फऱ्याच्या, म्हंजे खांद्याच्या चपट्या हाडाच्या, कडेला मऊ पांढरी पट्टी असती, ती हुसेनकडनं मागून आणायची, शिजवायची आणि उरलेल्या चार दातांनी चावत बसायचं. वर्षभर हेच. यंदा मेंढरांमागं पायी निघायचंच, असं समद्या आळीला सांगून बसली.

निघायच्या आदल्या दिवशी देवाला मेंढा पडला. हुसेन सोलायला बसला तशी हरणाबाई काठी टेकत शेजारी आली.

"हुसेना, माझं हाड आलं असंल न्हवं भरून?"

हुसेननं सुरी बाजूला ठेवली. मग त्यानं मेंढ्याचा गुडघा उघडून पुढं धरला.

"हात लावा."

तिनं बोट ठेवलं. ओल्या गोट्यावरनं घसरावं तसं घसरलं.

"रगात दिसतंय कुठं? कातडं फाटलं तर रगात येतं, खपली धरती. हितं रगताला वाटच न्हाई. सांध्यातल्या वंगणावर जगतंय हे. झिजलं की झिजलं."

"मग कोकराचं कसं वाढतंय रं?"

"कोकरू पोटात असतं तवा त्याचं समदं हाड असंच मऊ. मग आतनं टणक हाड धरत येतंय. टोकाजवळ तेवढी मऊ पट्टी ऱ्हाती, तिथनं पाय लांबतो. म्हणून तर सोलताना कोकराच्या पायाचं कांडं तिथंच मोडतं आन आमाला वय कळतं. ह्या मेंढ्याची पट्टी कवाच मिटली. तुमची तर बिरदेव व्हायच्या आधीच."

हरणाबाईनं मेंढ्याचा कान दुमडला, सोडला. कान परत ताठ.

"ह्ये तर अजून जित्तं हाय."

"त्येची जात येगळी, आत्ती. ते लवायसाठीच हाय. मणक्यातल्या चकत्या बघा, निसता काथ्या, वजं पेलाय. गुडघ्यात कान बसवून चालता येत न्हाई."

"आन वरीसभर मला चारत बसलास, मुडद्या!"

"तुमी खाताना यंदाच्या वाटंचंच बोलत हुता. कसं सांगू?"

ती हसली. पण मेंढ्याचा गुडघा तिनं बराच वेळ हातातनं सोडला न्हाई.

सकाळी घोड्यावर बिऱ्हाड चढलं. लहान कोकरं न्यायला टेंपो आलेला. बिरदेव म्हणाला, "आये, बस की फुडं ड्रायव्हरपाशी."

"मी काय पोतं हाय?"

ओढ्यापतुर ती चालत गेली. एक कोकरू मागं ऱ्हायलं, ते उचलायला वाकली, पण गुडघा वाकंना. बिरदेवानं ते उचललं. कळप पलीकडं चढला, धुरळा खाली बसला, तरी ही तिथंच.

हुसेनकडं ती अजून पट्टी मागती. "गुण न्हाई ते ठावं हाय. चव लागलीया," म्हणती.

सांजच्याला बिरदेवाचा फोन येतो. जेवलास का, असं ती विचारत न्हाई.

"आज वाट कशी हुती?"

"डांबरी, आये. समदी डांबरी झालीया."

"तरी सांग. वड्यातनं उतरलासा का पुलावनं? खडं लागलं का पायाला?"

तो सांगत असतो. इकडं उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या हरणाबाईच्या पायाची बोटं हलत असतात.