घोटा धरला की सोडायचा नाही

बॅग भरून झाली, जीप दारात उभी राहिली, आईनं हातावर दही दिलं. माझे वडील, आण्णा, उंबऱ्यावर बसून माझ्या बॅगेला सुतळी आवळत होते. मी वाकून पाया पडलो आणि उंबरा ओलांडायला पाय उचलला, तोच मागचा घोटा जखडला. तोंडावरच आपटायचो, दाराची चौकट धरली म्हणून वाचलो. आजूबाजूची माणसं खो-खो हसली, पण आण्णा हसले नाहीत. त्यांनी क्षणभर घोटा तसाच आवळून धरला आणि मग सोडला.

"मी सोडतोय म्हणून चाललायस," ते म्हणाले. "ध्यानात ठेव."

आमच्या बौद्धवाड्याच्या कबड्डी संघात आण्णा डावा कोपरा. त्यांनी घोटा धरला की चढाईला आलेला गडी परत जात नसे, अशी पंचक्रोशीत ख्याती. त्यापायी उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. मला शिकवताना एकच पाढा: "पकडलंय तर सोडायचं न्हाय. शिट्टी झाली तरी आधी बघायचं, मग सोडायचं." आणि हाच माणूस मला आपणहून सोडत होता. विमानात मी घोटा चोळत बसलो होतो.

मंडळाच्या पोरांनो, ग्रुपवर फोटो टाकला की तुम्ही विचारता, बहारीनमध्ये तुझं नाक कुणी फोडलं रे? आणि इथल्या हिद्दच्या कामगार-कॅम्पातल्या गड्यांनो, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटता की यानं आपल्याच कॅप्टनला पाडलं. दोन्ही खरं आहे. पण अर्धवट आहे, म्हणून आज सगळं लिहून टाकतो.

मी इथं एसी टेक्निशियन. हिद्दला कंपनीचं वर्कशॉप, काम सगळ्या बहारीनभर. सीफ भागातल्या एका जिमचा एसी बंद पडला म्हणून गेलो, तर आत भिंतीएवढा माणूस पोत्याला खांद्यानं धडका देत होता. धाड, धाड! पोतं धरणारा प्रत्येक धडकेला मागं फेकला जात होता. तो आपिसाई. आम्ही आपी म्हणायचो. आईबाप फिजीचे, हा जन्मला सिडनीत. कोवळ्या वयात एका क्लबानं उचलला तो पंधरा-सोळा वर्षं रग्बी लीग खेळून पोट भरत होता. आधी ऑस्ट्रेलिया, मग इंग्लंडचा थंडगार उत्तर भाग, आणि आता पस्तिशीत इथं. जिममध्ये ट्रेनर आणि शुक्रवारी इथल्या रग्बी संघाचा कॅप्टन-कोच.

मला हसताना बघून तो म्हणाला, "तू थांबव की मला." मी पाना खाली ठेवला. तो सांडासारखा आला. मी छाती दिली नाही, खाली बसलो आणि घोटा धरला. शंभरावर किलोचा गडी धाडकन आडवा! पडल्या पडल्या तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "यल्ला, चल! फ्रायडे, चार वाजता."

कबड्डी खेळणाऱ्याला वाटतं, तेरा-तेरा जणांची मारामारी, त्यात काय एवढं. अरे बाबांनो, तिथं माणसं माणसांवर गाड्यांसारखी आदळतात. पहिल्याच सामन्यात माझी बरगडी गेली. शेजारच्या गड्याचा कान लोंबकळत होता, तो चिकटपट्टी लावून परत आला. पण माझी खरी पंचाईत वेगळीच. तिथं माणूस पाडला की सोडावा लागतो, म्हणजे तो उठतो, चेंडू टाचेनं मागं ढकलतो आणि खेळ पुढं चालतो. माझ्या हाताला ते ठाऊकच नाही! रेफरी ओरडतोय आणि मी घोटा आवळून पडलेलो. एकानं वैतागून ठोसा हाणला, दात तुटून तोंडातच राहिला. आपी धावत आला, "छोड़, भाई, छोड़!" हिंदी त्याला आईकडून आलेली. तिचं गाव फिजीतलं उसाचं, शेजार सगळा हिंदुस्थान्यांचा. आमच्याकडेही ऊसच, हे कळल्यावर तो मला गाववालाच समजायला लागला.

इथल्या घरी सुजाता, माझी बायको, सुजलेल्या थोबाडाला बर्फ लावायची. "तुम्ही एसी दुरुस्त करता का एसी तुम्हाला दुरुस्त करतो?" मी म्हणायचो, अगं, आठवडाभर कुणाच्या छतात डोकं खुपसून राहायचं, एक दिवस तरी माणसात असतो. खोटं नव्हतं ते. परदेशात कुणी आपल्याला हातसुद्धा लावत नाही. मैदानात निदान मारायला तरी लावायचे.

एकदा सामन्यानंतर आपीनं मला त्याची सगळी कारकीर्द अंगावर दाखवली. दोन्ही खांद्यांवर ऑपरेशनचे वळ, गुडघ्यात स्क्रू, नाक किती वेळा मोडलं ते त्यालाच आठवत नव्हतं. शेवटी त्यानं डोक्यावर बोट ठेवलं. इंग्लंडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता डोक्याला मार बसला तर खेळ खलास, आणि त्याच मारावर दुसरा बसला तर तूच खलास. म्हणून तिथून निघाला आणि इथं येऊन पुन्हा खेळायला लागला. "दुसरं काय येतं मला?" तो म्हणाला. इथं हे फक्त मला माहीत होतं. कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं.

मग तो सामना आला. समुद्रावरचा कॉजवे-पूल ओलांडून सौदीतला संघ आला होता, सगळे दांडगे. पहिल्यापासून रक्त. आमच्या एकाचं मनगट मोडलं ते मला कडकन ऐकू आलं. शेवटची काही मिनिटं उरली, आम्ही जिंकत होतो, आणि आपीचं न् त्यांच्या एका आडदांडाचं डोक्याला डोकं लागलं. नारळ फोडल्यासारखा आवाज. आडदांड पडून राहिला, त्याला बाहेर नेलं. आपी उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो माझ्याजवळ आला. डोळे माझ्याकडे, पण मला बघत नव्हते. "मम्मी गाडीत आहे ना?" त्यानं विचारलं. लहानपणी त्याची आई मैदानाबाहेर गाडीत बसून राहायची, मार बघवत नाही म्हणून. मी रेफरीला ओरडून सांगितलं, हात केले, पण खेळ सुरू झाला होता. त्यांनी चेंडू उंच मारला. आपी त्याच्याखाली जाऊन उभा राहिला, तोंड वर, हात पसरलेले. समोरून त्यांचे तिघं सुसाट येत होते.

मी झेप घेतली आणि आपीचा घोटा धरला.

तो आडवा झाला. चेंडू टप्पा खाऊन गेला, तिघं आमच्यावरून उड्या मारून गेले आणि त्यांनी गुण केला. आम्ही हरलो. आपी पिसाळला. "छोड़! छोड़!" त्याची मूठ माझ्या नाकावर बसली आणि नाक मोडलं. दुसरी कानावर. आमचेच गडी मला लाथा घालत होते. रेफरी शिट्टीवर शिट्टी वाजवत होता. तोंडात रक्त जात होतं, डोळ्यांपुढं काजवे, आणि कानात फक्त आण्णा: आधी बघायचं, मग सोडायचं. डॉक्टर येऊन त्याच्या मानेला हात लावेपर्यंत मी सोडलं नाही.

स्कॅनमध्ये मेंदूत रक्त दिसलं. थोडंच होतं. त्यावर आणखी एक धडक बसली असती तर तो वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आपीचा खेळ तिथं संपला. तो माझ्याशी बोलला नाही, निरोप न घेता सिडनीला गेला. मला फार लागलं ते. नाकापेक्षा जास्त.

बऱ्याच महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक जाडजूड म्हातारी, आपीची आई. "हाथ दिखाओ, बेटा," ती म्हणाली. मी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. ती बघत राहिली आणि रडली. मागं आपी कसाव्याचे कंद सोलत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि मान हलवली. त्याच रात्री आम्ही दोघांनी शिव्या देऊन भांडण मिटवलं.

यंदा सुट्टीवर गेलो तेव्हा आण्णांना सगळं सांगितलं. मधल्या काळात त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. माझ्या नाकाची चौकशीसुद्धा केली नाही बघा!

"घोटा का गुडघा?"

"घोटा."

"कधी सोडलास?"

"डॉक्टर आल्यावर."

त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? सुजाता, पोरगी, पोरीची ईसा टाउनची शाळा, सगळं इथं आहे. पण यंदा निघायच्या दिवशी आण्णा तसेच उंबऱ्यावर बसले होते. मी पाया पडलो, उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि थांबलो. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि माझ्या घोट्यावर ठेवला. वाकडी बोटं नुसती टेकली, आवळली नाहीत. जोर राहिलाच नव्हता, साध्या पावलानं सुटलो असतो. जीपवाला हॉर्न वाजवत होता, आई म्हणत होती विमान चुकेल. आण्णा काही सोडेनात, आणि मी पाय काढला नाही.